मदत हवी आहे : जठराच्या कर्करोगात रक्तावरील मिथायलेशन चाचणी करून घ्यावी का?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. माझे वडील ६३ वर्षांचे असून त्यांची सारी हयात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. जठराच्या खालच्या भागातील गाठीसाठी आधी ‘फ्लॉट’ (चार औषधांची एकत्रित) केमोचे चार डोस, मग शस्त्रक्रिया आणि आता नंतरच्या चारपैकी दोन डोस झाले आहेत. पॅथॉलॉजीच्या अहवालानुसार तपासलेल्या २२ लसीकाग्रंथींपैकी दोनमध्ये रोग सापडला. कापलेल्या कडा मात्र स्वच्छ आहेत. कडक भाकरी आमटीत कुस्करून दर दोन तासांनी वाटीभर, असे त्यांचे सध्याचे जेवण आहे.

गेल्या आठवड्यात एका प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने ‘पेशंट किती काळ तग धरेल याचा अंदाज देणारी’ एपिजेनेटिक, म्हणजे डीएनएच्या मिथायलेशनवर आधारित, रक्तचाचणी सुचवली. तिचा खर्च आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या मिळकतीएवढा आहे.

मला समजले ते असे : डीएनएतील सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट बसला (यालाच मिथायलेशन म्हणतात) की जनुकाची अक्षरे तीच राहतात, पण ते जनुक गप्प होऊ शकते. जठराच्या कर्करोगात आरयूएनएक्स३ आणि सीडीएच१ ही जनुके अशी बंद पडलेली आढळतात. रक्तात या खुणा गाठीतून सुटलेल्या मुक्त डीएनएमध्ये शोधता येतात किंवा पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये. पत्रकात पांढऱ्या पेशींचा उल्लेख आहे आणि माझी खरी शंका तिथेच आहे. प्रत्येक प्रकारच्या पांढऱ्या पेशीचे मिथायलेशन वेगळे असते. केमोनंतर वडिलांच्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घसरतात, मग त्या वाढवण्याचे इंजेक्शन देतात आणि आठवड्याभरात सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावरचे आकडे पार पालटतात. शिवाय वाढत्या वयाने आणि धूम्रपानानेही या खुणा बदलतात (वडिलांनी ऐन तरुणपणी धरलेली विडी पाच वर्षांपूर्वी सोडली). अशा वेळी काढलेल्या रक्तातून गाठीबद्दल काही कळेल, की केवळ केमो आणि इंजेक्शनचा परिणाम मोजला जाईल?

मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगामध्ये गाठीच्या तुकड्यावरील एमजीएमटी जनुकाचे मिथायलेशन पाहून टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा किती उपयोग होईल हे ठरवायला मदत होते, असे वाचले. तिथे उत्तराने उपचाराला दिशा मिळते. आमच्या बाबतीत तसे काही होणार आहे का, असे विचारल्यावर प्रतिनिधीने पुन्हा पत्रकच पुढे केले.

म्हणून ऑन्कोलॉजी किंवा पॅथॉलॉजीतील जाणकारांना विनंती आहे की, कृपया दोन गोष्टी सांगाव्यात. लसीकाग्रंथींची संख्या आणि रोगाचा टप्पा हाती असताना या चाचणीने अंदाजात खरोखर भर पडते का? आणि तेवढेच पैसे खर्च करायचे झाल्यास, आमच्या अहवालात न दिसणाऱ्या एमएसआय (गाठीतील डीएनए-दुरुस्तीच्या बिघाडाची खूण) व हर-२ (पेशींची वाढ घडवणारे प्रथिन) या तपासण्या शस्त्रक्रियेत काढलेली गाठ जतन केलेल्या मेणाच्या ब्लॉकवर करून घेण्याविषयी आमच्या डॉक्टरांना आधी विचारणे योग्य ठरेल का? पुढचा डोस येत्या सोमवारी आहे आणि प्रतिनिधीला रक्त त्याच्या आदल्या दिवशी हवे आहे.