पुढचा अध्यायही वाचावा

एकांनी येशूला पहिला कम्युनिस्ट म्हटलंय आणि त्यासाठी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी जमिनी विकून पैसे प्रेषितांच्या (येशूच्या प्रमुख शिष्यांच्या) पायाशी ठेवल्याचा उतारा दिलाय (४:३४-३५). ज्याला जशी गरज तसं वाटप, हे तिथे आहेच. मार्क्सनेही १८७५ मध्ये गोथा कार्यक्रमावर (जर्मन समाजवादी पक्षाच्या जाहीरनाम्यावर) टीका करताना जवळपास हेच सूत्र मांडलं.

पण लगेच पुढच्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको येतात. जमीन विकतात, थोडे पैसे मागे ठेवतात आणि सगळे दिल्याचं भासवतात. प्रेषितांपैकी पेत्र हनन्याला विचारतो, विकण्याआधी ती तुझीच नव्हती का? विकल्यावर पैसे तुझ्याच हाती नव्हते का? म्हणजे गुन्हा मालकीचा नाही, खोटेपणाचा आहे. माझ्या मते खरा फरक इथेच आहे. तिथलं देणं स्वखुशीचं; मार्क्सला उत्पादनाच्या साधनांची खाजगी मालकीच संपवायची होती.

गंमत म्हणजे 'जो काम करणार नाही तो खाणारही नाही' हे बायबलमधल्या पौल या प्रेषिताचं म्हणणं (थेस्सलनीकाकरांना दुसरं पत्र, ३:१०) सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या राज्यघटनेत, बाराव्या कलमात आलं.

मात्र बायबल मालकांच्या बाजूचं आहे, असा अर्थ कृपया कुणी काढू नका. याकोबाच्या पत्रात (५:४) शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. बंद गिरणीच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेल्या लालबाग-परळच्या कामगाराला ती ओळ समजावून सांगावी लागणार नाही.