'सुटला', 'निर्दोष' आणि 'खरा झाला'

शब्दफिरस्ती:
एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे, म्हणून धागा काढतेय. जपानच्या इवाओ हाकामादांवर एक लेख मराठीत लिहिते आहे. एकेकाळचे मुष्टियोद्धे. मिसोच्या, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याच्या, कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या एका वरिष्ठाच्या कुटुंबातल्या चौघांचा खून झाला आणि १९६६ मध्ये यांना अटक झाली. १९६८ मध्ये फाशीची शिक्षा, १९८० मध्ये ती कायम. २०१४ मध्ये फेरखटल्याचा हुकूम झाला आणि ते तुरुंगाबाहेर आले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी शिझुओकाच्या जिल्हा न्यायालयाने त्यांची... इथेच गाडी अडली. 'निर्दोष मुक्तता केली' असं लिहिलं होतं, पण मुक्त तर ते दहा वर्षांपूर्वीच झाले होते! 'दोषमुक्त केलं' म्हणजे तर कलमाच्या पुस्तकातून उचलल्यासारखं वाटतं. शिवाय अशा माणसाला म्हणायचं काय? 'माजी फाशीचा कैदी' वाचताना तर मलाच कसंतरी होतं.

खोडरबर:
तीस वर्षं मुद्रितशोधन केलंय, त्यामुळे 'निर्दोष मुक्तता' हा जोडशब्द किती वेळा हाताखालून गेला त्याला गणती नाही. ताई, तुमची शंका बरोबर आहे. तो शब्द दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधतो. एक, दोष नाही. दुसरी, दार उघडलं. बहुतेक बातम्यांत दोन्ही एकाच दिवशी घडतात म्हणून चालून जातं. पण २१ जुलै २०२५ आठवा. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातल्या पाच जणांना २०१५ मध्ये फाशी सुनावली होती, आणि त्या पाचांतला एक २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात वारला होता. त्याची कसली मुक्तता करणार? तिथे फक्त 'दोष' रद्द होऊ शकतो.

उलट बाजूही बघा. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या पौड रोडवरच्या १९९४ च्या हत्याकांडातल्या एका कैद्याला अठ्ठावीस वर्षांनी सोडलं. कारण काय, तर गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम बारा वर्षांचा होता हे सिद्ध झालं. ती निखळ 'सुटका'. तिथे कुणी 'निर्दोष' छापलं तर ती चूकच.

नागपुरी संत्रं:
आमच्याकडे तर एकच शब्द आहे, 'सुटून आला'. जामिनावर आला तरी सुटून आला, शिक्षा भोगून आला तरी सुटून आला, कोर्टाने निर्दोष ठरवला तरी सुटूनच आला. गल्लीत फरक कुणी करतच नाही. आणि 'सुटला' म्हणताना लोकांचा सूर असा असतो, की जणू मासाच गळावरून सुटला.

भाषेचा अजून एक खेळ सांगतो. शिक्षा सुनावली त्याच संध्याकाळी लोक म्हणतात 'त्याला फाशी झाली'. म्हणजे माणूस फाशी यार्डात जिवंत बसलेला असतो आणि गावाच्या बोलीत त्याची फाशी होऊनही गेलेली असते. असा माणूस पंधरा वर्षांनी पारावर येऊन बसला, तर त्याच्याबद्दल कुठलं क्रियापद वापरणार?

शब्दफिरस्ती:
हे 'फाशी झाली'चं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेखात दोन ठिकाणी मीच तसं लिहून ठेवलंय, आता बदलते.

हमामात्सुकर:
नोकरीमुळे इथेच, जपानात हमामात्सुला राहतो. हाकामादा तुरुंगातून आल्यावर बहिणीकडे, याच शहरात राहायला आले. रोज तासन्तास रस्त्यांवरून चालत असायचे. इथे फाशीची तारीख कैद्याला आधी सांगत नाहीत, त्या दिवशी सकाळीच कळवतात. शिक्षा कायम झाल्यावर तेहतीस-चौतीस वर्षं रोजची सकाळ अशी काढल्यावर मन ठिकाणावर राहील कसं? निकालाच्या दिवशी ते कोर्टात नव्हतेच, त्या परिस्थितीतच नव्हते. त्यांच्या वतीने ९१ वर्षांच्या हिदेकोबाई, त्यांची बहीण, हजर होत्या.

आता शब्दांकडे येतो. न्यायाधीश म्हणाले ते 'मुझाई'. 'मु' म्हणजे नाही, 'झाई' म्हणजे गुन्हा. पण लोकांच्या तोंडी जास्त असतो तो 'एन्झाई', म्हणजे नाहक माथी मारलेला गुन्हा. त्यातल्या 'एन' या अक्षरचिन्हाची फोड अशी सांगतात, की वर झाकण आणि खाली ससा. झाकणाखाली सापडलेला, पळता न येणारा ससा! एवढं चित्र एका अक्षरात बसवलेला शब्द मराठीत आहे का?

आजीचा बटवा:
अहो, आहे की! एक नाही, ढीगभर आहेत. आळ, किटाळ, बालंट, कुभांड, तोहमत. यांत छटाही आहेत. 'आळ' कुणीही घेतं, शेजारीणसुद्धा. 'बालंट' आपसूक अंगावर येतं. 'कुभांड' मात्र कुणीतरी बसून रचलेलं असतं. हाकामादांच्या निकालात न्यायालयाने जबानी आणि रक्ताचे कपडे बनावट ठरवले ना, मग तिथे डोळे मिटून 'कुभांड' लिहा.

माझं म्हणणं वेगळंच आहे. नाहक दोष येण्यासाठी आपल्याकडे पाच शब्द, आणि तो उतरण्यासाठी? 'किटाळ टळलं', 'आळ गेला'. गेला म्हणजे कुठे गेला, कुणी घालवला? स्यमंतक मण्याची गोष्ट घ्या. गणेशचतुर्थीला चंद्र दिसला की आई म्हणायची, आता आळ येणार. पण त्या गोष्टीत श्रीकृष्णाला स्वतः जांबवंताच्या गुहेत उतरून मणी शोधून आणावा लागला. आळ घेणाऱ्यांनी काही शोधायला जायची तसदी घेतली नाही. आपली भाषाही तिथेच थांबली असावी असं मला वाटतं.

खोडरबर:
आजी, क्या बात है! पण एक जुना वाक्प्रयोग माझ्याकडून घ्या. मराठेशाहीत रवादिव्य असायचं, म्हणजे आरोप खरा की खोटा हे ठरवायची परीक्षा. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून मोहोर करायची. ठरल्या दिवशी पिशवी उघडून हात भाजलाय का ते पाहायचं. दिव्यातून उतरला की कागदावर चढायचं, 'खरा झाला'. पद्धत भयंकर, अन्यायाची, त्यात वाद नाही. पण शब्द बघा. 'सुटला' नाही, 'पुरावा नाही' नाही. खरा झाला!

निवृत्त शिरस्तेदार:
खोडरबर यांनी एक जुनी आठवण जागी केली. मी सत्र न्यायालयात नकला विभागात असताना एक बाई आल्या. मुलगा खुनाच्या खटल्यातून सुटला होता. निकालाची नक्कल हातात दिली, तर म्हणाल्या, 'भाऊ, यात कुठं लिहिलंय त्यानं केलं नाही म्हणून?' मी बोट ठेवून ओळ दाखवली, 'दोष सिद्ध न झाल्याने'. बाईंनी मला ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, 'हे तर तुम्हाला जमलं नाही असं झालं. त्यानं केलं नाही, असं द्या.' मी काय देणार? शिक्का बघून त्या गेल्या.

कायद्याच्या बाजूने सांगायचं तर फौजदारी न्यायालय तेवढंच ठरवतं, दोष सिद्ध झाला की नाही. 'संशयाचा फायदा' हा आणखी एक शब्दप्रयोग. फायदा म्हटलं की आरोपीला काहीतरी फुकट मिळाल्यासारखं वाटतं. क्वचित न्यायालय याच्या पुढे जातं. नाशिकजवळच्या २००३ च्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना फाशी झाली होती (सुनावली होती! नागपूरकरांनी पकडण्याआधीच दुरुस्त करतो). सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच सुनावली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना सोडलं. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. त्या चौघांचा तपास करा, असंही न्यायालयाने सांगितलं. हे 'खरा झाला'च्या बरंच जवळ जातं.

नागपुरी संत्रं:
आणि सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत असाही आदेश होता. सोळा वर्षांचा हिशोब मी मांडला, दिवसाला ८६ रुपयेही पडत नाहीत. याला 'नुकसानभरपाई' म्हणायचं?

हमामात्सुकर:
इथे दिवसाला साडेबारा हजार येनप्रमाणे एकूण २१ कोटी ७० लाखांच्या आसपास येन मंजूर झाले. तरी 'भरपाई' हा शब्द इथेही टोचतोच. फक्त 'मोबदला' लिहू नका. वर्षं काही त्यांनी विकली नव्हती.

शब्दफिरस्ती:
'मोबदला' आधीच खोडला होता, शपथेवर सांगते.
वाक्य असं केलंय: 'शिझुओकाच्या न्यायालयाने त्यांच्यावरचं अठ्ठावन्न वर्षांचं कुभांड मोडून काढलं आणि ते निर्दोष असल्याचा निकाल दिला.' 'मुक्तता' गाळली. 'खरा झाला' मथळ्यात घ्यायचा मोह होतोय, पण संपादक विचारतील, 'म्हणजे आधी खोटा होता का?' माणसासाठीचा शब्द अजून सापडलेला नाही. तूर्त नुसतं 'हाकामादा' लिहिते आहे.

आजीचा बटवा:
तेच बरं. आणि हिदेकोबाईंना 'बहीण' नको, 'थोरली बहीण' लिही.