मदत हवी आहे: गटात दुष्ट पात्र कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला कॉलेज रोडवर दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळतो, २०१४ची ५वी आवृत्ती. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती, मी. एका मित्राला 'लॉफुल इव्हिल' वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारं पात्र) खेळायचाय: शब्दाला पक्का, पण स्वार्थासाठी कुणालाही विकेल असा. पात्र सुरेख आहे, मला हो म्हणायचंय. धास्ती एकच. मागे 'रोग' (चोरटं पात्र) खेळणाऱ्या एकाने झोपलेल्या क्लेरिकची (पुजारी पात्राची) हीलिंग पोशन चोरली, वर "माझं पात्र असंच वागणार" म्हणाला. क्लेरिक खेळणारी ताई पुन्हा आलीच नाही.

सेशन झिरोत (खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत) आपसात चोरी-मारामारी बंद, हे ठरवणारच. पण या वॉरलॉकने पार्टीसोबत (बाकी पात्रांच्या गटासोबत) का राहावं, याचं पटेल असं कारण काय देऊ? पॅट्रनशी (त्याला जादू देणाऱ्या शक्तीशी) झालेला करार पुरेल का? लांबलचक कँपेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) कुणी हे निभावलं असेल तर सविस्तर सांगा.