ड्रॉप आणि जंपचा सराव पुण्यात करायचा तरी कुठे?

रानवाट

टेकड्यांवरच्या चालू धाग्यात परवा ‘पहाटफेरी’ यांनी लिहिले की, वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या उतारावर दगड आणि फळ्या रचून केलेला एक उंचवटा त्यांनी दोघांच्या मदतीने मोडून टाकला. पुढे त्यांनी असा सल्लाही दिला की, ज्यांना सायकलवरून उड्याच मारायच्या आहेत त्यांनी आपापल्या सोसायटीच्या पायऱ्यांवरून माराव्यात, टेकडी म्हणजे सर्कशीचा तंबू नव्हे. त्या प्रतिसादाला मिळालेली अनुमोदने पाहून दोन ओळींत उत्तर देणे जमेना, म्हणून हा वेगळा धागा. तो किकर (सायकल हवेत उचलणारा छोटा चढ) मी रचलेला नव्हता. पण मी त्यावरून गेलो आहे आणि ज्याने रचला त्याला काम येत होते.

पायऱ्यांचा सल्ला आधी तपासू. ६० सेंटिमीटरवरून सायकल खाली येते तेव्हा टेकण्याच्या क्षणी तिचा खाली येण्याचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास असतो. पुढे जाण्याचा वेग ताशी २० किलोमीटर असेल आणि लँडिंगला सुमारे ३० अंशांचा उतार असेल, तर चाके जमिनीला जवळजवळ समांतर येऊन टेकतात आणि मनगटांना फारसे काही जाणवत नाही. तोच ड्रॉप, म्हणजे कडेवरून खाली घेतलेली उडी, पार्किंगच्या फरशीवर घेतला, तर तो सगळा वेग मनगटे, घोटे आणि पुढचा फोर्क यांनाच सोसावा लागतो. म्हणजे ज्या ठिकाणी शिकायला पाठवले जात आहे, ते ठिकाण टेकडीपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

मग उतार कुठे शोधायचा? कात्रज ते सिंहगड धारेवर नैसर्गिक ड्रॉप भरपूर आहेत, पण तिथे पडलात तर मदत पोहोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, आणि सरावासाठी एकच जागा पुन्हापुन्हा घेण्याची सोय तर अजिबात नाही. सूस आणि म्हाळुंग्याकडे बांधकामासाठी आणून टाकलेले मुरमाचे ढिगारे उत्तम असतात. पण ते आज आहेत आणि उद्या पायाभरणीत गेलेले असतात, शिवाय रखवालदाराची परवानगी म्हणजे परवानगी नव्हे. हे कौशल्य असे आहे की २० सेंटिमीटरवर वेग, नजर आणि कमरेची हालचाल बसवायची, मग ४०, मग ६०, आणि प्रत्येक वेळी धावेची लांबी आणि लँडिंग तेच हवे. जागा रोज बदलली तर माणूस ड्रॉप शिकत नाही, फक्त नशीब आजमावत राहतो.

माउंटन बायकिंग १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. आशियाई माउंटन बाइक स्पर्धा २०२३ साली केरळात पोनमुडीला झाली. आपल्याकडे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला एवढे मोठे संकुल उभे राहिले, पण या शहरातल्या मुलांना कायदेशीरपणे सायकल हवेत नेता येईल असा मातीचा एक उतार मला कुणी दाखवावा. खाणीची कड आधीच फोडलेली जागा आहे. तिथे तीन उंचींचे ड्रॉप आणि एक टेबलटॉप (मध्ये पोकळी सोडलेला गॅप नको, मधली जागा भरलेला टेबलटॉपच) करून द्यायला कुणाचे काय जाते?

पहाटफेरी

रानवाट यांस, आपण पदार्थविज्ञान फार चांगले समजावलेत. आता थोडे पाण्याविषयी माझ्याकडून ऐका. आपली धाव, उडी आणि लँडिंग हे सगळे एका सरळ रेषेत, थेट उताराच्या दिशेने असते. त्या रेषेवरचे गवत चाकांनी जाते आणि जुलैमधल्या पहिल्या मोठ्या पावसात तीच रेषा ओहोळ होते. आपल्या टेकड्यांवर बेसॉल्टच्या वर मातीचा थर मुळात पातळ आहे, तो एकदा खाली वाहून गेला की आपल्या हयातीत परत येत नाही.

दुसरे असे की, राखीव वनात कोणत्याही कारणासाठी जमीन फोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यात चांगल्या बांधलेल्या किकरला सूट दिलेली माझ्या वाचनात नाही.

तिसरे कारण वैयक्तिक आहे आणि खरे सांगायचे तर मला तेच महत्त्वाचे वाटते. माझी पत्नी उतारावरून येत असताना मागून घंटा न वाजवता एक सायकल आली, ती बाजूला व्हायला गेली आणि चरात पाय मुरगळून पडली. स्वार थांबला नाही. ‘सॉरी काकू’ एवढे शब्द मात्र मागे ठेवून गेला. तेव्हापासून फळी दिसली की मी काढतो आणि यापुढेही काढीन.

गवताळ

काकूंचा पाय ज्या चरात मुरगळला तो चर सायकलवाल्यांनी खणला होता का, हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मी विचारतो. संपूर्ण टेकडी आडवी कापत जाणारे ते सलग समतल चर झाडे लावण्यासाठी खणलेले आहेत, आणि त्यांतून उपसलेली माती एका सायकलच्या रेषेतून वाहून जाणाऱ्या मातीच्या कितीतरी पट आहे. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ आणि खुरट्या झुडपांच्या आहेत. त्यांच्यावर वर्षानुवर्षे गिरिपुष्प हे परदेशी झाड लावले गेले, त्याच्या सावलीत खाली गवत उगवेनासे झाले, आणि आता सकाळी फिरायला येणाऱ्यांना तेच जंगल वाटते. रातवा आणि टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना सायकलचाही त्रास होतो, हे मान्य. पण त्यांची मोकळी जमीनच झाडांखाली गाडण्याचे पुण्यकर्म उत्साहाने करणाऱ्यांनी एका फळीवर एवढे रागावावे, याची गंमत वाटते.

पहाटफेरी

आमच्या गटाने लावलेली झाडे वड, कडुनिंब आणि बहावा अशी देशी आहेत, आणि उन्हाळ्यात आम्ही खालून पाण्याचे कॅन खांद्यावर वाहून नेतो. आपण त्या वेळी कोणत्या गवताचा अभ्यास करत होता, ते कळले तर बरे होईल.

गवताळ

देशी झाडही चुकीच्या जागी लावले तर ते त्या जागेला परकेच असते. माळावरच्या पातळ मातीत वड लावून त्याला कॅनने पाणी घालावे लागते, यातच उत्तर नाही का? सरकारी नकाशे गवताळ माळांना पडीक जमिनीत टाकतात, म्हणून ते आधी वृक्षारोपणाला जातात आणि पुढे रस्त्यांना. बालभारती ते पौड फाटा रस्त्याला टेकडीप्रेमींनी विरोध केला तेव्हा मी आपल्याच बाजूला उभा होतो, तेव्हा माझ्या टेकडीप्रेमाची परीक्षा घेऊ नका.

रानवाट

दोघांनाही हात जोडून विनंती आहे की वड आणि गवत यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे प्रश्न ड्रॉपचा आहे.

गवताळ

ज्या उतारावर ड्रॉप हवा आहे तो उतार कुणाचा आणि कशासाठी, हाच प्रश्न आहे. धागा वेगळा काढून तो सुटत नाही.

स्पोक

मी सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे जागेपेक्षा मला सायकलींची जास्त काळजी वाटते. दुकानात फुटलेली फ्रेम घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी पुस्तिका उघडलेली नसते. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गीकरणात तिसऱ्या वर्गाची सायकल ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या ड्रॉपसाठी असते, चौथ्या वर्गाची १२२ पर्यंत, आणि दुसऱ्या वर्गाची, म्हणजे ज्या सायकलींना आपल्याकडे सर्रास एमटीबी म्हणून विकतात त्यांतल्या अनेकींची, मर्यादा केवळ १५ सेंटिमीटर असते. पुढे सस्पेन्शनसारखा दिसणारा स्प्रिंगचा फोर्क लावला म्हणजे सायकल उडीसाठी तयार होत नाही. जागा मिळाली आणि तिथे शंभर मुले अशा सायकली घेऊन आली, तर दंतवैद्यांची चांदी होईल. रानवाट यांची सायकल चौथ्या वर्गातली असेल, पण सल्ला वाचणाऱ्यांची नसते.

दुसरा_मजला

पायऱ्यांची थट्टा करणाऱ्यांसाठी सांगते. माझी मुलगी ड्रॉप शिकली ती सोसायटीच्या पार्किंगमध्येच. दोन विटांच्या थरांवर जाड प्लायवूड ठेवून आधी तिने पेडल सपाट ठेवून हळू उतरायचे, मग पुढचे चाक कडेवरून जाताना हँडल पुढे ढकलायचे, एवढेच कित्येक आठवडे केले. उंची इतकी कमी होती की सपाट लँडिंगने काही बिघडले नाही. म्हणजे पहिली पायरी घराखाली शिकता येते, आणि रानवाट ते सांगत नाहीत कारण त्यांना सगळे टेकडीवरच हवे आहे.

त्यानंतरची पायरी मात्र अडली. सेक्रेटरींनी आवाजाची तक्रार आली म्हणून प्लायवूड उचलून भंगारात दिले. त्याच पार्किंगमध्ये नवरात्रात रात्री किती वाजेपर्यंत स्पीकर चालतो, ते मी इथे लिहीत नाही. टेकडीवर मुलीला एकटी पाठवायला मी तयार नाही. पहाटफेरी आणि त्यांचे मित्र तिथे असतात म्हणून खरे तर मला थोडा धीर वाटतो, पण ते तिलाही हाकलणार असतील तर त्या धीराचा उपयोग काय?

उत्तर_किनारा

व्हँकूवरहून लिहीत आहे, तेव्हा ‘तुमच्याकडे काय, सगळे सोपे’ हे वाक्य कृपया कुणी वाया घालवू नये. इथल्या नॉर्थ शोअरवर १९९० च्या दशकात लोकांनी परवानगीशिवायच फळ्यांचे पूल आणि ड्रॉप बांधले होते आणि तेव्हाही ते पाडले जात होते. १९९७ मध्ये सायकलस्वारांची संघटना झाली आणि तिने जमिनीच्या मालकांशी वर्षानुवर्षे बोलणी केली. आज ब्रिटिश कोलंबियात प्रांताच्या वनजमिनीवर वाट किंवा बांधकाम करायचे असेल तर वन कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आधी मंजुरी घ्यावी लागते. कुणी पडले तर जबाबदारी कुणाची, हा सगळ्यांत नाजूक प्रश्नही इथल्या कायद्याने सोडवला आहे: मनोरंजनाच्या वाटेवर फुकट येणारा माणूस तिथले धोके स्वतःहून पत्करतो असे धरले जाते. पुण्यात जागा न मिळण्याचे खरे कारण गवत किंवा वड नसून हे आहे, असे मला वाटते. एखाद्या मुलाचे कॉलरबोन मोडले तर पालक कुणाला कोर्टात खेचतील, याचे उत्तर नसताना कोणता अधिकारी टेबलटॉपवर सही करील?

पहाटफेरी

आपल्या व्हँकूवरला सीडरची जंगले आहेत आणि आमच्याकडे पावसाळ्यात राडा होणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे, हे विसरू नये. बाकी जबाबदारीचा मुद्दा बरोबर आहे, तो इतक्या लांबून यावा लागला याचेच आश्चर्य वाटते.

रानवाट

उत्तर_किनारा यांचा मुद्दा मला उपयोगाचा आहे, त्यांच्या समुद्राचा नाही. स्पोक यांना एवढेच सांगतो की, सायकलचा वर्ग पाहूनच आत सोडायचे असेल तर त्यासाठीही आधी एक फाटक असलेली जागा लागते. दुसरा_मजला यांनी जे विटांवर केले ते मी नवख्यांना नेहमी सांगतो. मात्र ४० सेंटिमीटरच्या पुढे विटा पुरत नाहीत, आणि जंप तर सपाट जागेवर शिकताच येत नाही, कारण तिथे लँडिंगला उतार हवा.

पहाटफेरी, घंटा न वाजवणाऱ्या त्या स्वाराचे समर्थन मी करणार नाही. पण आपण फळी काढता तेव्हा दगड तसेच सोडून जाता, हे आपल्या लक्षात आले आहे का? टेक-ऑफच्या तोंडाशी पडलेला सुटा दगड संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात अशाच एका दगडावर माझा मित्र आदळला आणि त्याच्या मनगटात आता धातूची पट्टी आहे. आपल्याला उडी थांबवायची होती, पडणे नव्हे, असे मी धरून चालतो. पण आपल्या पद्धतीने पडणेच वाढते.

पहाटफेरी

हा आरोप गंभीर आहे आणि तो करण्याआधी आपण स्वतःला विचारायला हवे होते की दगड मुळात तिथे आणले कुणी. यापुढे दगडही हलवू. आम्ही सगळे साठीच्या पुढचे आहोत, तेव्हा वजन जरा बेताचे ठेवत जा.

एक मात्र कबूल करतो, आणि याचा अर्थ मी आपल्या बाजूला आलो असा कृपया काढू नये. खाणीच्या ज्या कडेला लोकांनी आधीच बांधकामाचा राडारोडा आणून टाकला आहे, तिथे गवतही नाही आणि चालणारेही जात नाहीत. संबंधित खात्याला आपण रीतसर अर्ज करणार असाल, पाऊलवाटेपासून अंतर ठेवणार असाल, पाण्याला आडवी वाट काढून देणार असाल आणि जबाबदारीचे कलम लिहिणार असाल, तर त्या अर्जावर मी सही करीन. माझ्या गटातले बाकीचे करतील की नाही, ते सांगता येत नाही. पत्नी करणार नाही, हे नक्की सांगता येते.

स्पोक

अर्जात उंचीची मर्यादा ६० सेंटिमीटर लिहा. पहिल्याच वर्षी कुणी १२० मागितले, तर मी अर्जाच्या विरोधात लिहीन.

दुसरा_मजला

आणि शनिवार-रविवारी सकाळी दोन तास शिकणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवा, नाहीतर मोठ्या सायकलींची रांग संपेपर्यंत त्या कडेला उभ्याच राहतील.

रानवाट

मसुदा या आठवड्यात इथेच टाकतो. पावसाळ्यात माती मऊ असल्याने जून ते सप्टेंबर बंद ठेवू, म्हणजे ऑक्टोबर ते मे सराव चालेल.

गवताळ

मे कसला? टिटवीची अंडी मार्चपासून जमिनीवर दिसू लागतात आणि राडारोड्याची मोकळी खडी तिला आवडतेच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी लिहा.

रानवाट

पाच महिन्यांत कोण काय शिकणार? निदान मार्च तरी द्या.

गवताळ

मार्च मिळणार नाही.