डिप्पर लावला की अप्परची निळी खूण मंद पेटते, डावा हेडलाइट लालसर

भांडुपची_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, साधे एच-४ बल्ब. आठवड्यातून चार रात्री मी भांडुपहून मुलुंड-ऐरोली पुलावरून ड्यूटीला जाते. मार्चमध्ये सीएसटी रोडवरच्या एका दुकानात बंपरला डीआरएलच्या, म्हणजे दिवसा पेटणाऱ्या दिव्यांच्या, पट्ट्या बसवून घेतल्या. इंजिन चालू केलं की त्या लागतात, पार्किंग लाइट लावले की विझतात. तीन महिने काहीच तक्रार नव्हती.

पावसाळा लागल्यापासून भलतंच सुरू झालंय. डिप्परवर (जवळच्या, खालच्या झोतावर) डावा हेडलाइट इतका मंद की काचेतून आतली तार लाल दिसते. त्याच वेळी मीटरवर अप्परची (लांबच्या झोताची) निळी खूण अगदी फिकी पेटलेली असते, रात्री नीट पाहिलं तरच कळते. अप्पर मारला की निळी खूण भरपूर लागते, पण डावा दिवा आहे तसाच रडका. उजवा दोन्हीकडे ठीक. डाव्याचा बल्ब दोनदा बदलला. फ्यूज बघितले, शाबूत आहेत.

दुकानवाला म्हणतो, "मॅडम, डीआरएल पेटतायत ना? मग आमचं काम बरोबर आहे." आमच्या घरी म्हणतात, एक दिवा आहे ना, मग झालं. पण परवा पुलावर समोरून एक टेम्पो माझ्या अंगावरच आला. एकच दिवा दिसला, त्याला मी बाइक वाटले असणार.

कळव्याचा_पक्या

ताई, हे पिवळे बल्ब काढून टाका. १००/९० वॅटचे घाला, नाहीतर सरळ एलईडी. मी घातलेत, रस्ता दिवसासारखा दिसतो.

गोरेगाव_फिरस्ता

डीआरएल दिवसा व्यवस्थित पेटतात म्हणजे अर्थिंग (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी) ठीक आहे. दुखणं स्टिअरिंगखालच्या, दिवे लावायच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये दिसतंय. अप्पर आणि डिप्पर आतल्या आत एकमेकांना चिकटले असतील. स्विच बदला.

परळचा_वायरमन

ताई, स्विच घेऊ नका. अजून एक रुपयाही खर्च करू नका. आधी वाचा.

मी २६ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. मी शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांनी पहिले तीन महिने मला फक्त काळ्या, म्हणजे अर्थच्या, वायरींवर लावलं होतं. सप्लायच्या वायरीला हात लावू देत नव्हते. तेव्हा राग यायचा. आता गिऱ्हाईकाने फोनवर "निळी खूण मंद पेटते" एवढं सांगितलं की मी टेस्ट लॅम्प घेऊन सरळ काळ्या वायरीकडेच जातो.

एच-४ बल्बला तीन पिना असतात. आत दोन तारा: डिप्परची ५५ वॅटची, अप्परची ६० वॅटची. दोन पिनांवर दोन वेगवेगळे सप्लाय येतात, तिसरी दोघींचा सामायिक अर्थ. तुमच्या डाव्या दिव्याचा हा अर्थ तुटलाय. आता डिप्पर लावल्यावर काय होतं बघा. करंट डाव्या डिप्परच्या तारेतून सामायिक पिनेपर्यंत येतो. पुढे रस्ता बंद. मग तो शेजारच्या, म्हणजे डाव्याच अप्परच्या तारेत उलटा शिरतो, तिथून अप्परच्या सप्लाय वायरीने थेट उजव्या दिव्यात जातो आणि उजव्याच्या अप्परच्या तारेतून अर्थला पोचतो. तीन तारा एकामागे एक, दिवाळीच्या माळेसारख्या. शाळेत याला एकसर जोडणी म्हणायचे. बारा व्होल्ट तिघींत वाटले जातात, प्रत्येकीला साधारण चार. चार व्होल्टवर तार लालच दिसणार.

निळ्या खुणेचा बल्ब त्याच अप्परच्या वायरीवर बसलेला असतो. त्यालाही तेच चार व्होल्ट मिळतात, म्हणून ती फिकी पेटते. आज रात्री डिप्पर लावून उजव्या दिव्यात वाकून बघा. डिप्परच्या झगमगाटाआड अप्परची तारही लाल झालेली असेल. गोरेगावकरांना स्विच चिकटल्यासारखा वाटला तो यामुळेच. पण स्विच चिकटला असता तर दिवे जोरात पेटले असते, मंद नाही.

गंमत म्हणजे हाच प्रकार मोटार कंपन्यांनी मुद्दाम केलेला आहे. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना दिवसाचे दिवे सक्तीचे झाले. तेव्हा एलईडी कुठले? काही गाड्यांत दोन्ही बाजूंच्या अप्परच्या तारा दिवसापुरत्या एकसर जोडायचे. दोघींना अर्धे-अर्धे व्होल्ट, डोळ्यावर न येणारा उजेड, झाले डीआरएल. तुमच्याकडे ते रात्री आणि चुकून होतंय.

आता "डीआरएल पेटतात म्हणजे अर्थ ठीक" याबद्दल. इथे भलेभले फसतात. माझा अंदाज आहे की दुकानवाल्याने पट्ट्यांचा अर्थ डाव्या हेडलाइटच्याच काळ्या वायरीतून घेतलाय. जवळ पडते, साल काढली, पीळ मारला, वर टेप. साल काढताना निम्मे तंतू कापले गेले, उरलेले पावसाच्या पाण्याने हिरवे होऊन तुटले. तरी दिवसा पट्ट्या पेटतात, कारण हेडलाइट बंद असताना त्या बल्बमधल्या तारा थंड असतात. थंड तारेचा रोध अर्ध्या ओहमच्याही आत, तापली की तो दहा-बारा पट होतो. एलईडी पट्ट्यांचा एखादा अँपिअर करंट त्या थंड तारांतून गुपचूप उजव्या दिव्याकडे जातो आणि तिकडून अर्थ होतो. हेडलाइट एवढ्याशा करंटने पेटत नाहीत, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. रात्री हेडलाइट लागले की हा रस्ता बंद, पण तेव्हा पट्ट्या तशाही विझलेल्या असतात!

तपासणी पाच मिनिटांची. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या मायनसवर. डिप्पर चालू ठेवून लाल टोक डाव्या बल्बमागच्या कपलरच्या (प्लगच्या) काळ्या वायरीच्या पिनेला मागून लावा. चांगल्या अर्थला पॉइंट एक, फार तर पॉइंट दोन येतो. तुम्हाला आठच्या आसपास दिसेल. मीटर नसेल तर फूटभर वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं त्याच पिनेला. डावा भक्कन पेटला आणि निळी खूण विझली की निकाल लागला. फक्त पिन चुकवू नका. सप्लायला वायर लागली तर फ्यूज उडेल.

एक अट. काही जपानी घराण्याच्या गाड्यांत उलटं असतं: सामायिक पिनेवर सप्लाय आणि स्विच मायनस तोडतो. म्हणून लाइट बंद करून आधी तिन्ही पिना मीटरने बघा. सामायिक पिनेवर बारा व्होल्ट आले तर थांबा आणि मला लिहा.

पक्याभाऊ, तुमच्याशी थोडं भांडायचंय. ९० वॅट म्हणजे साडेसात अँपिअर. मूळ वायरिंग साडेचार-पाचच्या हिशेबाने केलेलं असतं. वितळलेले होल्डर माझ्याकडे डबाभर पडलेत, या बघायला. आणि एच-४मध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. स्वस्त एलईडीत चिप त्या जागी नेमकी बसतच नाही. रस्ता तुम्हाला दिवसासारखा दिसतो, समोरच्याला काहीच दिसत नाही.

कळव्याचा_पक्या

वाटीचं खरंच माहीत नव्हतं. वायरिंग मात्र मी रिले टाकून जाड केलंय हां.

परळचा_वायरमन

मग निम्मं भांडण मागे घेतो. रिले, म्हणजे दिव्यांना बॅटरीतून थेट करंट देणारा चुंबकी स्विच, सगळ्यांनीच टाकावा. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड तीसेक टक्के पडतो. जुन्या गाड्यांचे दिवे पिवळे दिसतात ते बहुतेक यामुळेच. चांगला रिले टाकलात तर साधा ५५चाच पुरतो.

भांडुपची_रात्रपाळी

दादा, साष्टांग नमस्कार. आज सुट्टी होती. शेजारच्या पॉलिटेक्निकच्या मुलाकडून मीटर आणला. इंजिन बंद, डिप्पर चालू: ७.९ व्होल्ट. उजव्या दिव्यात वाकून पाहिलं, दुसरी तार लाल होती. अंगावर काटाच आला.

टेप काढली तर आत पीळ मारलेला जोड, तांबं हिरवंगार, बोट लावलं आणि वायर हातात आली. त्याच पिळात पट्ट्यांच्या दोन काळ्या वायरी. पुढे काय करू? पुन्हा पीळ मारू का?

परळचा_वायरमन

पीळ नको. खराब तुकडा कापा, नवी वायर झाळून घ्या, वर श्रिंक स्लीव्ह चढवा. पट्ट्यांचा अर्थ वेगळा काढून बॉडीच्या बोल्टखाली रिंग लावून कसा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडा, कसल्यावर वरून व्हॅसलीन. आणि बोगद्यात शिरताना हात स्विचवर जाऊ द्या. कोस्टल रोडच्या बोगद्यात रोज बघतो, पुढे डीआरएल लखलखतायत, चालकाला वाटतं दिवे लागलेत, आणि मागून टेल लाइट काळेकुट्ट. पट्ट्यांचा आणि मागच्या दिव्यांचा काही संबंध नसतो.

भांडुपची_रात्रपाळी

झालं. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने झाळून दिलं, ८० रुपये घेतले. आता मीटरवर ०.०६. निळी खूण विझली. काढलेला हिरवा तुकडा पिशवीत घालून ठेवलाय. शनिवारी सीएसटी रोडला जाऊन त्या काउंटरवर ठेवणार आहे.