मदत हवी आहे: पारोहून परतताना त्याच दिवशी पुण्याचं विमान धरावं का?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात भूतानला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. पुणे-कोलकाता देशातल्या विमानाने आणि पुढे भूतानमधल्या पारोपर्यंत त्यांच्या ड्रुकएअर या विमानकंपनीने, अशी दोन वेगळी तिकिटं काढणार आहोत. जाताना कोलकात्यात मुक्काम आहेच, कारण सासऱ्यांना दक्षिणेश्वर बघायचंय.

घोडं अडलंय परतीला. पारोचं विमान कोलकात्यात उतरलं की साडेतीन तासांनी पुण्याचं विमान. नवऱ्याच्या मते एवढा वेळ चिकार झाला, वर चहासुद्धा होईल. मी मात्र पारोच्या विमानतळाबद्दल जे वाचलंय त्याने पोटात गोळा आलाय. अजून तिकिटं काढलेली नाहीत. कुणी केलाय का असा प्रवास? आणि आधार कार्ड चालतं ना?

प्रतिसाद १

ताई, गोळा उतरताना येऊ देऊ नका, तिथे वैमानिक अगदी कसलेले असतात. पण तिकिटाबाबत तुमचं म्हणणं बरोबर आहे.

पारो साधारण २,२३५ मीटर उंचीवर, अरुंद दरीत आहे. आजूबाजूचे डोंगर साडेपाच हजार मीटरपर्यंत जातात. विमान दरीतून वळणं घेत येतं आणि धावपट्टी अगदी शेवटी दिसते. सगळं डोळ्यांनी बघून करायचं, म्हणून उड्डाणं फक्त दिवसाउजेडी. ढग उतरले किंवा दुपारचा वारा सुटला की थांबायचं. मे महिन्यात दोन्ही होऊ शकतं. त्यात तुमची तिकिटं वेगळी, म्हणजे पहिलं विमान रखडलं तर पुण्याचं विमान काही तुमच्यासाठी थांबणार नाही. पाच तिकिटं ऐनवेळी नव्याने काढायची म्हणजे कोलकात्याच्या हॉटेलपेक्षा कितीतरी महाग. एक रात्र ठेवाच.

आधार चालत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. लेकीचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला मूळ प्रत सोबत घ्या. हे विसरून परत फिरलेलं एक कुटुंब मी स्वतः पाहिलंय.

प्रतिसाद २

पारोच्या विमानाचा नाद सोडून उत्तर बंगालमधल्या बागडोग्रा विमानतळाहून गाडीने, सीमेवरच्या जयगाव (भारत) आणि फुंत्शोलिंग (भूतान) मार्गे जा. स्वस्त पडेल, वाटेत चहाचे मळे दिसतील. रेल्वेने यायचं तर हासीमारा स्टेशन जवळ आहे. आम्ही तसंच गेलो होतो.

धागाकर्ती

धन्यवाद! रस्त्याचं सुचवलंत ते खरं, पण सासूबाईंना महाबळेश्वरच्या घाटातही गाडी लागते. फुंत्शोलिंग ते पारो चार-पाच तास वळणंच वळणं म्हटल्यावर त्या घरीच बसतील.

मतदार ओळखपत्राचं बरं सांगितलंत. सासऱ्यांचं आहे, सासूबाईंचं शोधावं लागेल. भूतान पर्यटकांकडून रोजचा कर घेतं, तो किती असतो? एजंट गोलमाल उत्तर देतोय.

प्रतिसाद १

भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. तुमचे चार मोठे आणि एक लहान, म्हणजे रात्रीला ५,४००. हॉटेल, जेवण वेगळं. एजंटने पॅकेजमध्ये धरलाय की नाही हे लेखी घ्या.

एक गंमत: ड्रुकएअरचं पहिलं विमान १९८३ साली पारोहून कोलकात्यालाच आलं, छोटंसं डॉर्निअर. एअरबस आली २००४ मध्ये. म्हणजे तुमचा मार्ग त्यांचा सगळ्यात जुना. जाताना डावीकडची खिडकी मागा, आकाश साफ असलं तर हिमशिखरं दिसतात. आणि घड्याळ अर्धा तास पुढे करा, नाहीतर परतीच्या दिवशी तिकिटावरची वेळ चुकीची वाचाल.

धागाकर्ती

नवऱ्याला वाचून दाखवलं. 'बरं' म्हणालाय, म्हणजे हरलाय. कोलकात्याची रात्र पक्की. आता विमानतळाजवळ सासू-सासऱ्यांना चालेल असं, लिफ्ट असलेलं साधं हॉटेल कुणी सुचवेल का? आणि खाली मासे तळत नसतील तर फारच बरं.