रोश हशानासाठी चिकाचा हलवा: गहू किती, नारळ किती, तूप चालेल का?

प्रश्न (कुरडईवाली):
ठाण्यात बेने इस्रायली (मराठी ज्यू) शेजाऱ्यांकडे 11 सप्टेंबर 2026 च्या संध्याकाळी रोश हशानाचं, म्हणजे ज्यू नववर्षाचं जेवण आहे. माणसं पंधरा. चिकाचा हलवा करून न्यायचा आहे. कुरडयांसाठी चीक काढते, पण नारळाच्या दुधाचं प्रमाण माहीत नाही. शेवटी दोन चमचे तूप सोडलं तर चालेल का? आणि सोबत भेट म्हणून काय न्यावं?

नारळीपाक:
पंधरा जणांना अर्धा किलो गहू पुरे. रविवारी, 6 तारखेच्या संध्याकाळी भिजत घाला आणि पाणी रोज बदला. एक दिवस जरी चुकलात तरी चिकाला आंबूस वास येतो आणि तो वेलचीने झाकत नाही. बुधवारी संध्याकाळी वाटा, मलमलच्या फडक्यातून दोनदा पिळा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पिवळट पाणी न हलवता ओतून टाका.

खाली बसलेला घट्ट चीक वाटीने मोजा. 1 वाटी चिकाला 3 वाट्या नारळाचं दूध (जाड आणि पातळ एकत्र), सव्वा ते दीड वाटी साखर, चिमूटभर मीठ. चीक थंड दुधातच कालवून गाळा, मग जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर चढवा. गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. साखर सुरुवातीला घालू नका. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे चीक नीट फुलत नाही आणि हलवा कच्चट लागतो. मिश्रण घट्ट होऊन पारदर्शक दिसायला लागलं की साखर आणि गुलाबी रंग घाला. साखरेने ते पुन्हा सैल होईल, घाबरू नका, ढवळत राहा.

कडेने नारळाचं तेल सुटायला लागलं की थोडा हलवा थंड ताटलीवर घ्या. बोटांत वळून गोळी झाली आणि चिकटली नाही तर उतरवा. बहुतेकांचा हलवा बिघडतो तो इथेच, हात दुखतो म्हणून दहा मिनिटं आधी उतरवल्यामुळे. वेलची-जायफळ घालून तेल लावलेल्या ताटात थापा, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबा, पूर्ण गार झाल्यावर वड्या पाडा.

पारवे:
तूप अजिबात नको, दोन चमचेही नाही. सणाच्या जेवणात मटण किंवा कोंबडी असते आणि मांसाहाराबरोबर किंवा लगेच नंतर दुधाचं काही खात नाहीत. नारळाचं दूध वापरतात ते याचसाठी. बाजारचा साजूक तुपातला हलवाही याच कारणाने बाद.

दुसरं म्हणजे, आधी विचारून घ्या. बरीच घरं शेजाऱ्यांचा शाकाहारी पदार्थ आनंदाने खातात, पण काटेकोर कोशर (ज्यू धर्माचे खाण्याचे नियम) पाळणाऱ्यांना तुमच्या कढईचीच अडचण असते. तसं असेल तर चीक काढून द्या आणि हलवा त्यांच्या भांड्यात, त्यांच्या गॅसवर होऊ द्या. चीक दोघांचा, मान त्यांच्या कढईचा!

या वर्षी पहिला दिवस शनिवारी, म्हणजे शब्बाथला (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी) आला आहे. शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दिवे लागतात, त्यानंतर शनिवारी रात्र पडेपर्यंत स्वयंपाक नाही. म्हणून हलवा गुरुवारीच उरका आणि भेट शुक्रवारी दुपारी पोचवा. फुलं नेणार असाल तर पाणी भरलेल्या फुलदाणीतच द्या. दिवे लागल्यावर कुणी फुलं पाण्यात ठेवणार नाही. पैशांचं पाकीट तर नकोच, शब्बाथला आणि सणाला पैशाला हात लावत नाहीत.

कुरडईवाली:
मग मध आणि सफरचंदं नेऊ का? की डाळिंब?

पारवे:
मध-सफरचंद त्यांनी आणलेलंच असतं. सोबत खजूर, दुधी किंवा भोपळा, चवळी, बीट हेही ताटात असतं, प्रत्येकावर वेगळी प्रार्थना. दुसऱ्या रात्री मात्र मोसमातलं न चाखलेलं फळ लागतं, त्यावर ‘शेहेहेयानू’ ही आभाराची प्रार्थना म्हणतात. अनेक ठिकाणी डाळिंब ठेवतात, पण आपल्याकडे ते वर्षभर मिळतं. माझं मत सीताफळाला. शनिवारी रात्री पिकलेली असतील अशी निवडा. लोणची किंवा आंबट काही नेऊ नका, या जेवणात आंबट टाळतात.

अश्दोदकर:
इकडे इस्रायलमध्ये गहू वाटायला वेळ नसला की कॉर्नफ्लोअर आणि डब्यातलं नारळाचं दूध वापरतात. चवीला बरं, पण चिकाची लवचीक ओढ त्यात नाही. चायनाग्रास घालायचं तर अगदी थोडं, जास्त झालं की जेली होते. ते समुद्री शेवाळाचं असल्याने चालतं, जिलेटिन मात्र नको. आणि नारळामुळे सप्टेंबरच्या दमट हवेत वड्या बाहेर फार तर एक दिवस टिकतात. फ्रिजमध्ये ठेवल्या तर कडक होतात, वाढायच्या तासभर आधी बाहेर काढा.